आडनावबंधू

डब्लिनच्या त्या अपार्टमेंटमध्ये रविवारची सकाळ सुरू व्हायची ती बाबांच्या इस्त्रीच्या आवाजाने. हे डब्लिन ओहायोतलं, आयर्लंडमधलं नव्हे. हा खुलासा मी पुण्याच्या मैत्रिणींना प्रत्येक ईमेलमध्ये करत असे, आणि त्या दर वेळी नव्याने निराश होत असत. बाबा शेजारी स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन उभे राहत, चार बोटं बुडवून शर्टावर एक फवारा मारत, त्या थेंबांचा चर्र आवाज होई, आणि मग इस्त्री कापडावरून लांब श्वास सोडल्यासारखी सरकत जाई. इस्त्री वाफेचीच होती, पण वाफेचं बटण बाबांनी एकदाही दाबलेलं मला आठवत नाही. आई पलीकडे फ्रोझन मटार घालून पोहे परतत असायची. बाबा आठवड्याचे शर्ट, आईच्या साड्या, उशांचे अभ्रे, अगदी भांडी पुसायची फडकीसुद्धा इस्त्री करत. माझ्या जीन्सलाही ते मधोमध सुरीसारखी घडी पाडत. 'बाबा, जीन्सला इस्त्री करत नाहीत' एवढं वाक्य बोलायचं धाडस मला दोन वर्षं झालं नाही. त्यामुळे अख्ख्या कम्युनिटी कॉलेजात घडीची जीन्स घालणारी मी एकटीच होते, आणि तिथल्या काही मुलींना ती भारतातली फॅशन वाटली होती.

इस्त्री चालू असताना बाबा खिडकीचा पडदा ओढून घेत. समोर पार्किंग लॉट आणि त्यापलीकडे मक्याचं शेत. बघणार कोण होतं, कुणास ठाऊक. पण का ओढतात हे मी कधी विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं. सातवीत असताना जन्मदाखला शोधताना बाबांच्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये मला सरकारी गॅझेटचं एक पिवळं पान सापडलं होतं. त्यात बारीक अक्षरात बाबांचं जुनं नाव होतं आणि पुढे नवं नाव. जुनं आडनाव परीट, नवं शेलगावकर. मी ते पान जसं होतं तसं घडी करून परत ठेवलं आणि त्याविषयी कुणाशी बोलले नाही. आमच्या घरात गोष्टी न बोलण्याची पद्धत होती आणि त्या विषयात माझा पहिला नंबर होता.

अमेरिकेत आल्यावर ही पद्धत चांगली उपयोगी पडेल असं मला वाटलं होतं. इथे कोण विचारणार? अमेरिकन माणसाला शेलगावकर उच्चारता येईपर्यंतच त्याचा उत्साह संपतो. पण इथे मराठी मंडळ होतं, आणि मंडळात देशपांडे काकू होत्या. काकू मनाने खरंच चांगल्या. आम्ही नवीन आलो तेव्हा त्यांनी चादरी, कुकर आणि हिवाळ्याचे चार कोट आणून दिले होते. पण नवीन माणूस भेटलं की त्याचं मूळ गाव, मूळ आडनाव आणि पुण्यातला पेठेचा पत्ता लागल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. उन्हाळ्यातल्या पिकनिकला पार्कात कणसं भाजत होती, मी कागदी प्लेट घेऊन एका झाडाशी झाडासारखीच उभी होते. काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"शेलगावकर म्हणजे गावावरून पडलेलं. पण मूळ आडनाव असेल ना काहीतरी? आमच्याकडचे बघ, सगळ्या '-कर'वाल्यांचं मूळ वेगळंच निघतं."

मी कणसाकडे बघितलं. कणसाने मदत केली नाही.

"अगं, माहीत नाही तुला? आजकालच्या मुली."

"कुलकर्णी," मी म्हणाले.

हे कुठून आलं, ते मला आजही सांगता येत नाही. शाळेत माझ्यापुढच्या बाकावर एक कुलकर्णी बसायची, बहुधा तिची वेणी डोळ्यांपुढे आली असावी.

"तरीच," काकू समाधानाने म्हणाल्या. "बोलण्यावरून कळतंच."

तोपर्यंत मी त्यांच्यासमोर एकूण चार गोष्टी बोलले होते: हो, नाही, थँक्यू, आणि पोट भरलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी बोलताना चुकू नये म्हणून मी कमी बोलायचे, आणि त्यालाच लोक संस्कार म्हणायचे.

बाबांच्या नोकरीमुळे मिळालेल्या आमच्या व्हिसावर मला आणि आईला नोकरी करायची परवानगी नव्हती. आई घर घासूनपुसून वेळ काढायची, मी गावच्या लायब्ररीत फुकट काम करायला जायचे. तळघरात वंशावळी शोधणाऱ्यांसाठी एक खोली होती. तिथे जुनी वर्तमानपत्रं, चर्चच्या नोंदी, आणि आपले पूर्वज राजघराण्यातले होते अशी खात्री असलेली म्हातारी माणसं असत. त्यांत एक मिस्टर फुलर. सत्तरीचे, निवृत्त स्कूल बस ड्रायव्हर, हात एवढे मोठे की पेन्सिल त्यांत काडीसारखी दिसे. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या सगळ्या कुटुंबाचा मेळावा होता आणि त्यात फुलर आडनावाचा इतिहास सांगायची जबाबदारी त्यांच्यावर होती. (ते अर्थात इंग्रजीतच बोलत. माझ्या आठवणीत मात्र ते का कोण जाणे मराठीतच बोलतात.)

"माझी नात म्हणते, आपण सरदार असणार," ते पहिल्या दिवशी म्हणाले. "तू शोध. तुम्हा लोकांना नावांची किंमत असते, असं ऐकलंय." मग माझ्या छातीवरचा बिल्ला वाचायचा त्यांनी तीन वेळा प्रयत्न केला. "याचा अर्थ काय?"

"शेलगाव नावाच्या गावचे."

"छान. कसं आहे ते गाव?"

"मी पाहिलेलं नाही."

"हं," ते म्हणाले. त्या 'हं'मध्ये काही नव्हतं, पण मी तो घरी घेऊन गेले.

आडनावांचा एक जाडजूड कोश होता, त्यात मला फुलर सापडला. मी तो परिच्छेद वाचला, कोश मिटला, आणि पुन्हा उघडला. जुन्या इंग्लंडमध्ये मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड तेलकट आणि राठ असे. ते मोठ्या हौदात टाकायचं, वरून शिळं मूत्र ओतायचं, आणि माणसांनी अनवाणी पायांनी तासन् तास ते तुडवायचं. त्याने तेल सुटायचं, कापड घट्ट व्हायचं. पुढे त्यासाठी एक विशिष्ट माती वापरू लागले. हे काम करणारा तो फुलर. इंग्लंडच्या दक्षिणेला आणि पूर्वेला त्याला फुलर म्हणत, नैऋत्येला टकर, उत्तरेला वॉकर. म्हणजे काम एक, आडनावं तीन, आणि सगळ्यांचे पाय त्याच हौदात. त्या मातीचं इंग्रजी नाव वाचल्यावर मला ते कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. घरी येऊन बाथरूमच्या फळीवर पाहिलं तर आईच्या चेहऱ्याला लावायच्या लेपाच्या पाकिटावर तेच छापलेलं होतं. फुलर्स अर्थ. मुलतानी माती. माझी आई रोज संध्याकाळी मिस्टर फुलर यांच्या पूर्वजांचा कच्चा माल तोंडाला फासून टीव्ही बघत होती.

मला हसू यायला हवं होतं. मला घाम फुटला. त्या भल्या म्हाताऱ्याला, नातवंडांसमोर, भर मेळाव्यात, आपण मूळचे धुणेवाले आहोत हे सांगायला लागणार. हे मी होऊ देणार नव्हते. मी एक कोरं कार्ड घेतलं आणि माझ्या कॉन्व्हेंटच्या सुरेख अक्षरात लिहिलं: 'फुलर: मध्ययुगीन इंग्लंडमधील वस्त्रव्यवसायाशी निगडित एक जुने आणि आदरणीय घराणे.' एखाद्याच्या जखमेवर पट्टी बांधावी तशा हाताने मी ते कार्ड त्यांना दिलं. त्यांनी ते वाचलं.

"म्हणजे शिंपी?"

"त्याच्या... आसपास."

"ठीक आहे," ते म्हणाले आणि कार्ड खिशात घातलं. त्यांचा चेहरा पडला होता. माझी समजूत अशी की सरदार नाही म्हणून पडला. आणखी थोडं वाढवून लिहायला हवं होतं, असं मला रात्रभर वाटत राहिलं.

पुढच्या गुरुवारी ते जिन्यावरूनच ओरडत खाली आले. लायब्ररीत ओरडायची परवानगी नसते हे ते विसरले होते. हातात तोच कोश होता, त्यांनी वरच्या मजल्यावरची दुसरी प्रत काढली होती.

"मूत," ते म्हणाले. "बाई गं, आठशे वर्षं आम्ही मुतात उभे होतो, आणि तू मला सांगितलं नाहीस?"

मी माझ्या बुटांकडे बघत राहिले.

"आणि हे वाचलंस? वॉकरसुद्धा तेच! माझी सून वॉकरांची. लग्न झाल्यापासून आमच्याकडे नाक मुरडून बघते. तीसुद्धा त्याच हौदातली." हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाण्याचा ग्लास आणून दिला. पाणी पिऊन, डोळे पुसून ते जरा शांत झाले. "तू हा सगळ्यात चांगला भाग का गाळलास?"

"तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं."

"का?"

ते टोमण्याने विचारत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. उत्तर मला पाठ होतं, पण ते इंग्रजीत कसं सांगायचं ते येत नव्हतं, आणि मराठीत मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी खांदे उडवले.

आता चाळिशी ओलांडल्यावर त्या प्रसंगाकडे बघते तेव्हा मिस्टर फुलर मला तेव्हाइतके थोर वाटत नाहीत. ते मनमोकळे होते, यात शंका नाही. पण त्यांना हसणं परवडत होतं. आडनाव ऐकून त्यांना कुणी दाराबाहेर थांबवलं नव्हतं, त्यांच्या हातात मळका शर्ट ठेवला नव्हता. त्यांच्या आडनावातला वास कधीच उडून गेला होता. आमच्या आडनावातला अजून यायचा, निदान आम्हाला तरी. हे मला तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की एक माणूस हे सगळं ऐकून हसतोय, आणि त्याला काही झालेलं नाही.

मेळाव्यानंतर ते मला एक टी-शर्ट देऊन गेले. 'रिसर्च डिपार्टमेंटसाठी,' म्हणाले. राखाडी रंगाचा, पुढे मोठ्या अक्षरात फुलर, पाठीवर टपात उभ्या दोन पायांचं चित्र आणि खाली इंग्रजीत ओळ: आठशे वर्षं तुमचे कपडे तुडवत आहोत. माप एक्स्ट्रा लार्ज. मी त्यात दोनदा मावले असते. मी तो कपाटात स्वेटरांखाली लपवला. मी सगळंच स्वेटरांखाली लपवायचे.

त्यानंतरच्या रविवारी इस्त्री चालू असताना फोन वाजला. बाबांचे हात गुंतलेले म्हणून त्यांनी स्पीकर लावला. देशपांडे काका होते.

"शेलगावकर, एक फेव्हर मागायचाय. गणपतीच्या पूजेला क्लीव्हलंडहून गुरुजी येणार होते, त्यांनी कॅन्सल केलं. आता शनिवारी प्राणप्रतिष्ठा तुम्ही करायची. पुस्तक मी देतो, वाचून करायचंय फक्त."

"मी?" बाबा म्हणाले. "अहो, मला यातलं काय येतंय?"

"येईल हो. रक्तात असतं ते. तुमचं मूळ कुलकर्णी ना? मनूने सांगितलं हिला पिकनिकला."

इस्त्री शर्टाच्या कॉलरवर थांबली. बाबांनी कापडावर इस्त्री थांबवलेली मी त्याआधी किंवा नंतर कधी पाहिली नाही. मग त्यांनी ती उचलून उभी ठेवली. "थोड्या वेळाने फोन करतो," म्हणाले आणि फोन बंद केला. आईने पोह्यांखालचा गॅस बारीक केला. कुणीच काही बोललं नाही. आमच्या घराण्याची ती खासियत मी वर सांगितलीच आहे.

"तुला माहीत होतं?" शेवटी बाबांनी विचारलं.

"सातवीपासून. गॅझेट बघितलं होतं."

ते खुर्चीवर बसले. "हॉस्टेलवर मुलं शर्ट आणून टाकायची माझ्या कॉटवर. 'परीट, जरा हात मार.' चेष्टेने. वाईट नव्हती मुलं. मी इस्त्री करूनही द्यायचो, कारण त्यांना येत नव्हती आणि चुरगळलेला शर्ट मला बघवत नाही. तुला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा ठरवलं, हिच्या बाकावर कुणी काही आणून टाकायला नको." त्यांनी वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवली आणि तशीच बाहेर काढली. "पण मनू, मी गावाचं नाव घेतलं. गाव आपलं होतं. तुझ्या आजोबांना तिथल्या प्रत्येक घराचा कपडा कोपऱ्यावर परटाने केलेली बिब्ब्याची खूण न बघता ओळखता यायचा. लग्नात पायघड्या अंथरायचा मान आपला होता. मी आपलंच काहीतरी घेतलं. तू दुसऱ्याचं घेऊन आलीस."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला रडायला येत होतं, आणि ऐन वेळी काय करावं हे न सुचल्याने मी आत जाऊन स्वेटरांखालचा टी-शर्ट घेऊन आले. मग मी बोलायला लागले. मिस्टर फुलर, हौद, शिळं मूत्र, वॉकरांची सून, आईची मुलतानी माती, आणि माझं ते सुरेख अक्षरातलं कार्ड. त्या घरात सलग एवढी वाक्यं मी पहिल्यांदाच बोलत होते. आईने मधेच उठून बाथरूममधून मातीचं पाकीट आणलं, त्यावरचं नाव वाचलं आणि ते जरा लांब धरलं.

बाबांनी टी-शर्ट टेबलावर पसरला. "हे तो माणूस छापून अंगावर घालतो?"

"सगळं खानदान घालतं."

"प्रिंटवर थेट इस्त्री फिरवलेली दिसतेय कुणीतरी. चिकटलंय." त्यांनी टी-शर्ट उलटा केला, वर ओलं फडकं पसरलं आणि इस्त्री फिरवली. मग फोन उचलला.

"देशपांडे, शेलगावकर बोलतोय. पूजा करीन. येत नाही, पण शिकून करीन. एकच गोष्ट, आम्ही मूळचे कुलकर्णी नाही. परीट. पोरीने घाबरून काहीतरी सांगितलं. चालेल ना?"

स्पीकर चालूच होता. पलीकडे कुणाच्या तरी घरात डिशवॉशर चालल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. किती वेळ, सांगता येणार नाही. पोहे खाली लागायला पुरेसा.

"अहो, चालेल म्हणजे काय," काका म्हणाले. "आपण काय ते मानतो का इथे. फक्त झालं काय, तुमचा फोन आला नाही म्हणून मी आत्ताच जोशांच्या सुनीलला विचारून बसलो. तो हो म्हणाला. पण तुम्ही नक्की या हं. सगळे या."

"येतो," बाबा म्हणाले.

बाबांचा 'थोडा वेळ' वीस मिनिटांचाही नव्हता. त्यांनी फोन ठेवला, वाटी बेसिनमध्ये रिकामी केली, आणि आईला म्हणाले, "जळका भाग मला वाढ." मग खिडकीशी जाऊन त्यांनी पडदा सारला. मक्याच्या शेतात कुणीही नव्हतं.

शनिवारी गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात बसला. सुनीलने पुस्तकात बघून पूजा केली, दोन पानं एकदम उलटली गेल्याने ती लवकर संपली. काकू आमच्याशी नेहमीसारख्याच वागल्या, फक्त त्या दिवशी नेहमीसारखं वागणं त्यांना जरा जास्त मेहनतीचं पडत होतं. विसर्जन संध्याकाळी. तळ्यात परवानगी नसल्याने ते प्लास्टिकच्या टपात व्हायचं, मूर्ती बुडवल्यासारखी करून पुन्हा काकांच्या बेसमेंटमध्ये जायची. त्याआधी बाबा कुर्ता बदलतो म्हणून गेले आणि मिस्टर फुलर यांचा टी-शर्ट घालून आले. बाह्यांवर इस्त्रीची कडक घडी होती. आई म्हणाली, "अहो, हे काय." मी गर्दीमागे लपायला जागा शोधली. टपाशेजारी टपात उभ्या पायांचं चित्र घेऊन बाबा आरती म्हणत राहिले.

आरती संपल्यावर काकू आल्याच. "शेलगावकर, हे फुलर कोण?"

"आमचे आडनावबंधू," बाबा म्हणाले.

काकूंनी बाबांच्या मागे जाऊन पाठीवरची ओळ वाचली, पुन्हा पुढे आल्या. बाबांनी त्यांना हौदापासून मातीपर्यंत सगळं सांगितलं, हवामान सांगावं तसं. काकू ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचं लक्ष काकांच्या खांद्यावरच्या रेशमी उपरण्याकडे गेलं. त्याच्यावर निरांजनातल्या तुपाचा मोठा डाग पडला होता. त्यांनी डागाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

"मुलतानी माती," बाबा म्हणाले. "कोरडीच भुरभुरवायची, रात्रभर ठेवायची, सकाळी झटकायची. घासायचं नाही. कसं काढायचं ते सांगितलं. काढून देणार नाही."

काकूंनी मान डोलावली. त्यांनी कागदी रुमालावर ते सगळं खरोखर लिहून घेतलं. मग रुमालाची घडी घालून त्यांनी मला गर्दीतून बरोबर शोधून काढलं.

"आणि तू गं? कुलकर्णी कशाला म्हणालीस?"

"घाबरले होते, काकू."

"कुणाला?"

मी त्यांच्याकडे बघितलं. नुसतंच बघितलं, पण नजर खाली नेली नाही. माझ्या मानाने ते बरंच होतं. काकूंचा चेहरा क्षणभर असा झाला की मला पुन्हा काहीतरी खोटं बोलून तो सरळ करावासा वाटला. त्यांनी शेजारच्या ट्रेमधला फ्रोझन नारळाचा एक मोदक उचलला आणि माझ्या प्लेटमध्ये ठेवला. आधीचा एक तसाच होता, तरी. ती माफी होती की माझं तोंड बंद करायचा उपाय, ते मला अजून कळलेलं नाही. मी तो खाल्ला. गार झाला होता.